स्टॉकहोमला न गेलेला आल्गोट

शिकारी मंडळाच्या सोडतीत आल्गोट शोडिनला दुसरं बक्षीस लागलं. पहिलं बक्षीस होतं अर्ध्या मूस हरणाचं मांस, कापून, बांधून, घरपोच. दुसरं होतं स्टॉकहोम. दोन दिवस, हॉटेलसकट आणि नाश्त्यासकट. आल्गोटनं तिकीट घेतलं होतं ते मांसासाठी. नाव पुकारल्यावर तो उठला, पाकीट घेतलं आणि पहिलं बक्षीस मिळालेल्या बर्टिलसमोर जाऊन उभा राहिला.

"बदलतोस?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" बर्टिल म्हणाला आणि मांसाची चिठ्ठी त्यानं वरच्या खिशात घालून बटण लावलं.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, आल्गोट सदुसष्ट वर्षांचा होता. एक्केचाळीस वर्षं त्यानं रस्ते खात्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. लग्न केलं नाही. बोलणं तर जवळजवळ नाहीच. आमच्या उत्तरेकडे कुणाला 'हो' म्हणायचं असलं की तोंडाचा चंबू करून श्वास आत ओढतात, 'शूप्' असा आवाज येतो, झालं. बाकीचे लोक शूप् करून पुढे दोन शब्द तरी बोलतात. आल्गोट शूप्वर थांबायचा. मी गुनवोर, स्वार्टनेस गावात तीस वर्षं टपाल वाटलं. त्याच्या फाटकाशी रोज उभी राहायचे, आणि तीस वर्षांत त्याच्याकडून ऐकलेले शब्द एका पोस्टकार्डावर मावले असते.

तर या माणसाला स्टॉकहोमला जायचं होतं, तेही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शिकार सुरू होते त्याच आठवड्यात. मंडळाच्या चिटणिसानं तारीख मुद्दाम तीच घेतली होती, कारण खोल्या तेव्हा स्वस्त मिळाल्या. "जायला नकोच," आल्गोट म्हणाला. चिटणीस म्हणाला, "मग मंडळाचा अपमान होईल. तसं इतिवृत्तात लिहावं लागेल." इतिवृत्तात जायची आल्गोटला फार भीती. तो गेला.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. कसं कळलं ते येईलच.

सकाळी स्टॉकहोमच्या स्टेशनाबाहेर तो हातात हॉटेलचं पत्र धरून उभा राहिला आणि कुणाला तरी रस्ता विचारायचं त्यानं ठरवलं. कोपऱ्यावर एक बस उभी होती. बसच्या दाराशी पिवळी छत्री घेतलेली एक बाई माणसं मोजत होती. ती उल्रिका, परदेशी पाहुण्यांना शहर दाखवणारी. ज्यांना मोजत होती ते जर्मनीतल्या एका लहानशा गावच्या निवृत्त बेकरीवाल्यांचं गायनमंडळ.

"पंचवीस," उल्रिका जर्मनमध्ये म्हणाली. "कागदावर सव्वीस आहेत. कोण राहिलं?"

गायनमंडळाची प्रमुख रोझविटा. सत्तरीची, आखूड मानेची, कणीक मळून मनगटं जाड झालेली. कोण राहिलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ओटमार विमर नावाच्या त्यांच्या खर्जातल्या गायकानं निघायच्या दिवशी पाठ धरल्याचं कळवलं होतं. पण तिनं आधी सावधपणे विचारलं, "एखादा कमी असला तर काय होतं?"

"गैरहजेरीचा फॉर्म भरायचा. अकरा पानं. कंपनीचं उत्तर येईपर्यंत बस हलत नाही."

रोझविटानं आजूबाजूला बघितलं. दोन पावलांवर हिरव्या कोटातला एक उंच म्हातारा हातात कागद धरून अदबीनं उभा होता. तिनं त्याच्या हातातला कागद घेतला, नीट घडी करून आपल्या पर्समध्ये टाकला, 'ओटमार विमर' लिहिलेली पट्टी त्याच्या छातीवर चिकटवली आणि कोपर धरून त्याला बसमध्ये चढवलं.

"सव्वीस," उल्रिका म्हणाली. बस निघाली.

आल्गोटला वाटलं, शिकारी मंडळानं बरीच चांगली व्यवस्था केलेली दिसते. स्टेशनावर माणसं न्यायला येतात, गाडी काय, शेजारी बसलेली बाई डब्यातून केक काय देते. हॉटेलात किल्लीवरही विमर हेच नाव दिसलं तेव्हा मात्र काहीतरी गडबड आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"मग सांगितलं का नाहीस?" मी त्याला नंतर विचारलं होतं.

"बस त्यांची माझ्यासाठी थांबली होती," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर त्यांना परत मोजायला लागलं असतं."

आल्गोटला जर्मन येत नव्हतं असं म्हणता येणार नाही. दर उन्हाळ्यात जर्मन लोक आमच्या नदीवर मासे धरायला येतात आणि त्यांच्या गाड्या चरात घालतात. त्या गाड्या आल्गोट ट्रकला बांधून बाहेर काढायचा. त्यामुळे त्याला चौदा जर्मन शब्द येत होते, आणि ते सगळे गाडी ओढण्याचे.

राजवाड्यापुढे पहारा बदलत होता. उल्रिकानं प्रत्येकाशी थोडं बोलायचा शिरस्ता ठेवला होता, म्हणून जर्मन रिवाजाप्रमाणे 'हेर', म्हणजे 'श्रीयुत', लावून ती त्याच्याशी बोलली. "हेर विमर, कसा वाटतोय आमचा राजवाडा?"

आल्गोटनं विचार केला. "हळू," तो म्हणाला.

"खरंच, इथे काळ हळू चालतो!" उल्रिका खूश झाली. "आणि हे शिपाई?"

"मागे. मागे. थांब."

शिपाई त्याच क्षणी दोन पावलं मागे सरकून थांबले. उल्रिकानं त्याच्याकडे आदरानं बघितलं. लष्करात असणार हा माणूस, तिला वाटलं.

हा माणूस विमर नाही हे गायनमंडळातल्या पंचवीसच्या पंचवीस जणांना माहीत होतं. विमरच्या दुकानाचे पाव त्यांनी चाळीस वर्षं नावं ठेवत खाल्ले होते. पण कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट दुपारपर्यंत सगळे त्याला ओटमार म्हणायला लागले होते. खऱ्या ओटमारपेक्षा हा बरा, असं त्यांच्यात ठरूनही गेलं. खरा ओटमार बसमध्ये खिडकीची जागा सोडत नसे.

"ओटमार, घे, सॉसेज घे."

शूप्.

"हा काय आवाज काढतो?" एकानं रोझविटाला विचारलं.

"दम्याचा असेल. विचारू नका, वाईट वाटेल त्याला."

इथे एक लक्षात घ्या. उल्रिका स्वीडिश, आल्गोट स्वीडिश, गाव स्वीडनची राजधानी, आणि दोघं अख्खा दिवस एकमेकांशी जर्मन बोलत होते. त्यातल्या एकाचं जर्मन तर दोरखंडापलीकडे जात नव्हतं. बोटीत चढताना तिनं हात दिला तर तो म्हणाला, "ओढ." दालचिनीचे पाव वाटताना तिनं विचारलं, आणखी हवेत का, तर म्हणाला, "खड्डा." उल्रिकानं रात्री शब्दकोशात बघितलं म्हणे, बव्हेरियात पोट भरल्यावर तसं म्हणतात का.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना टेकडीवरच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. तिथे कुंपणात एक मूस होतं, नर, चांगला अकरा फाट्यांच्या शिंगांचा. बेकरीवाल्यांनी एकच गलका केला. कॅमेरे निघाले. कुणी जीभ काढून ट्यँव ट्यँव केलं. आल्गोट कुंपणाशी गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. त्याच वेळी सहाशे किलोमीटर उत्तरेला आमच्या रानात सगळं गाव बंदुका घेऊन असल्याच जनावराची वाट बघत बसलं होतं, आणि त्याची ठरलेली जागा, नदीच्या वळणावरचा ओंडका, रिकामा होता. मूस त्याच्याकडे बघत होतं. तो मूसकडे बघत होता. मग, स्टॉकहोममध्ये पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदाच, त्याच्या तोंडून आपल्या भाषेत वाक्य निघालं. आमची उत्तरेची बोली शहरात कशी वाटते ते सांगायचं तर असं:

"आरं बाबा, वाऱ्याला पाठ दिऊन हुबा ऱ्हायलास? तुला कुनी कायबी शिकिवलं न्हाई का?"

मागे छत्री पडल्याचा आवाज आला.

"काय म्हणालात?" उल्रिका. स्वीडिशमध्ये.

आल्गोट पुन्हा मूसकडे वळला.

"हेर विमर, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"वाऱ्याचं म्हणत होतो," आल्गोट म्हणाला. मग जरा थांबून, पट्टीवर बोट ठेवून, "हा मी नाही."

उल्रिका जवळच्या बाकावर मट्कन बसली. "तुम्ही कुठले?"

"स्वार्टनेस."

ती चेहरा दोन्ही हातांत घेऊन हसायला लागली, आणि हसणं ओसरल्यावर जे बोलली ते शहरातलं स्वीडिश नव्हतं. "मी ओसेलेची. तुमच्यापासनं पन्नास किलोमीटर बी न्हाई." वीस वर्षांपूर्वी ती स्टॉकहोमला आली तेव्हा दुकानात दूध मागितलं तरी लोक हसायचे, म्हणून तिनं ती बोली टाकून दिली होती. नवऱ्यानंसुद्धा कधी ऐकली नव्हती. आता तिथे बाकावर बसून ती आल्गोटशी वीस मिनिटं आमच्या बोलीत बोलली. केवढ्या मोठ्या मूसवर कुणी गोळी झाडली, कुठला पूल वाहून गेला, तिच्या आत्याच्या घराचं छत कुणी दुरुस्त केलं (आल्गोटनंच केलं होतं). आल्गोट म्हणतो, वीस मिनिटं. त्यातलं त्याचं बोलणं किती ते त्यानं सांगितलं नाही.

"आता काय करायचं?" शेवटी ती म्हणाली. "कळवायला पाहिजे कंपनीला."

"किती पानं?"

"अकरा, न आलेल्या जर्मनची. आणि तुमची वेगळी, चुकीचा प्रवासी म्हणून. सहा."

दोघांनी मूसकडे बघितलं.

"संध्याकाळी त्यांचं गाणं आहे," उल्रिका म्हणाली. "दोन ओळी, पुढे बारा, मागे तेरा. तुम्ही नसलात तर मागच्या ओळीत भोक पडतं." तिनं छत्री उचलली, झटकली आणि जर्मनमध्ये मोठ्यानं म्हणाली, "चला, हेर विमर!"

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी दुपारपासून या प्रकरणात फसवलं गेलेलं कुणीच उरलं नाही. रोझविटा उल्रिकापासून लपवत होती, उल्रिका रोझविटाला कळू देत नव्हती, आणि आल्गोटच्या छातीवर नवीन पट्टी लावली होती, कारण जुनी सुटत आली होती.

जुन्या शहरातल्या एका छोट्या चर्चमध्ये गाणं होतं. पन्नासेक माणसं आली होती. रोझविटानं आल्गोटला मागच्या ओळीत विमरच्या जागी उभं केलं, गळ्यात मंडळाचा निळा रुमाल बांधला आणि खुणेनं सांगितलं, तोंड उघडायचं, मिटायचं, बास. दोन गाणी निभावली. तिसऱ्याच्या शेवटी मात्र एक अडचण होती. सगळे गाता गाता एकदम थांबायचे, चर्च पूर्ण शांत व्हायचं, आणि त्या शांततेत विमर एकटा खर्जातला एक सूर लावायचा. तो सूर आता दुसऱ्या एका बेकरीवाल्याला, हान्सला, दिलेला होता. तो अगदी आल्गोटच्या शेजारी उभा. आल्गोटनं नुसतं तोंड उघडायचं.

सगळे थांबले. शांतता पसरली. हान्स तयार आहे ना हे बघायला रोझविटानं भुवया उंचावून त्या दिशेला बघितलं. आल्गोटला वाटलं, आपल्यालाच विचारतेय, तयार आहात ना? त्यानं उत्तर दिलं.

शूप्!

जुन्या दगडी चर्चमध्ये तो आवाज घुमटापर्यंत गेला आणि परत आला. हान्स इतका दचकला की त्याचा सूर लागलाच नाही. रोझविटाचा हात हवेतच राहिला. गाणं तिथेच संपलं. मग पहिल्या रांगेतला एक दाढीवाला तरुण उभा राहिला आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. त्याच्यामागून सगळे. नंतर त्या तरुणानं रोझविटाला गाठून विचारलं, "तो शेवटचा श्वास मूळ रचनेतच आहे का?"

"अर्थातच," रोझविटा म्हणाली. "फक्त फार कमी लोकांना जमतो."

शेवटच्या रांगेत उल्रिका पिवळ्या छत्रीत तोंड खुपसून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

तिसऱ्या दिवशी विमानतळाकडे जाणारी बस आली. आल्गोट आपली पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला आणि चढला. उल्रिका त्याच्या मागोमाग आत आली.

"तुम्ही कुठे निघालात?" तिनं हळूच विचारलं.

"सव्वीस झाले पाहिजेत ना."

"विमान जर्मनीला जातंय, आल्गोट."

आल्गोट विचारात पडला. त्याला खरंच पेच पडला होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण गावातल्या लोकांना वाटतं तो चेष्टा करत होता. ती बाई मोजायला लागली की एक कमी पडणार, हे त्याला सहन होत नव्हतं.

"उतरा," उल्रिका म्हणाली. "आज मी मोजणारच नाही."

ती न मोजताच सही करून मोकळी झाली. बेकरीवाले निरोप द्यायला एकेक करून उतरले, प्रत्येकानं आल्गोटला मिठी मारली. आमच्याकडे आईसुद्धा मिठी मारत नाही. रोझविटानं पर्समधून त्याचं हॉटेलचं पत्र काढलं, त्याच्यावरचा पत्ता आपल्या वहीत उतरवून घेतला आणि पत्र परत केलं. निळा रुमाल ठेवून घ्या म्हणाली.

आल्गोट परत आला तेव्हा मी दुकानात होते. "कसं होतं स्टॉकहोम?"

"माणसं फार," तो म्हणाला. मला वाटलं, संपलं.

पण ऑक्टोबरात शिकारी मंडळाला हॉटेलचं पत्र आलं. आपले पाहुणे श्री. शोडिन आलेच नाहीत, खोली दोन्ही दिवस रिकामी राहिली, तरी कृपया कारण कळवावे. चिटणिसानं बैठक बोलावली.

"आल्गोट, हॉटेलच्या कागदाप्रमाणे तू गेलाच नाहीस."

शूप्.

"म्हणजे गेला नाहीस?"

"गेलो."

"मग तिथे होतास का नव्हतास?"

"मी नव्हतो," आल्गोट म्हणाला. "पण बघून आलो."

तसंच्या तसं इतिवृत्तात गेलं. आजही आहे. आल्गोट शोडिन स्टॉकहोमला गेले नाहीत असं मंडळाच्या दप्तरी नमूद आहे, आणि ओटमार विमर तिथे दोन दिवस नाश्ता करून गेले असं दुसऱ्या हॉटेलच्या. बर्टिलनं तर सूचना मांडली की न गेलेल्या माणसाचं बक्षीस पुढच्या वर्षी पुन्हा काढावं.

नोव्हेंबरात आल्गोट माझ्या दारात उभा. हातात जर्मन तिकिटाचं पाकीट. शाळेत मी जर्मन शिकलेली, म्हणून आला होता. पत्र खऱ्या विमरचं होतं. मी टेबलाशी बसून त्याला वाचून दाखवलं.

विमरची पाठ बिलकुल दुखत नव्हती. मंडळाला त्यानं पाठ सांगितली, बायकोला स्टॉकहोम सांगितलं, आणि तीन दिवस भावाबरोबर तळ्यावर मासे धरत बसला. सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण त्यांच्या गावच्या वर्तमानपत्रात गायनमंडळाचा फोटो छापून आला, खाली नावांसकट. मागची ओळ, डावीकडून तिसरे, ओटमार विमर. बायको एर्नानं फोटो बराच वेळ निरखला. 'हा तू?' 'उन्हात फोटो असेच येतात,' विमर म्हणाला. 'एक फूट उंच?' 'पायरीवर उभा होतो.' मग ती म्हणाली, 'बरं. मग सांग मला, काय काय बघितलंस स्टॉकहोमला.' त्यानं आठवायला वेळ मागितला. पत्राचा शेवट असा: तर आता, महाशय, मी तिथे काय काय बघितलं ते कृपया सविस्तर कळवावं.

वाचून झाल्यावर मी चष्मा काढला. "काय कळवायचं? फेकून दे."

आल्गोट खिडकीबाहेर बघत होता. "माणूस अडचणीत आहे," तो म्हणाला. "कागद घे."

आणि मग तो बोलला. तीन दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात, कॉफीवर कॉफी. आधी मी लिहीत होते, मग लिहायचं थांबून नुसती ऐकायला लागले आणि त्याला परत मागे जायला लावलं. वरचं सगळं मला तेव्हा कळलं. पण ते विमरसाठी नव्हतं. विमरसाठी त्यानं दुसरंच सांगितलं. की तिथल्या रस्त्याच्या गटारांवरच्या जाळ्या फार जवळजवळ बसवल्या आहेत, त्यामुळे बर्फ काढायच्या नांगराचं पातं अडकणार. की पहाऱ्यावरच्या एका शिपायाच्या बुटाची नाडी सुटली होती आणि त्याला वाकता येत नव्हतं, आणि पहारा संपल्यावर शेजारच्यानं वाकून बांधून दिली. की बोटीवर एक बाई मांडीवर केक घेऊन चालली होती आणि लाटांपासून वाचवावं तसा प्रत्येक वळणावर तो उचलून धरत होती. की रोझविटा गाण्यापूर्वी आपल्या डाव्या मनगटाला हळूच फुंकर घालते, भाजल्याचा जुना डाग आहे तिथे. की अर्ध्या तासात त्यानं रस्त्यात एकशे बारा लोकांना नमस्कार केला आणि चौघांनी उलट केला.

नऊ पानं झाली. मी या माणसाला तीस वर्षं टपाल देत होते. हाताला कळ आली तरी थांबावंसं वाटेना.

"हे सगळं तू कधी बघितलंस?"

"कुणी बोलायला लावत नव्हतं," आल्गोट म्हणाला. "मग बघायला वेळ होता."

मी जर्मन करून टाकलं, आल्गोटनं जीभ लावून तिकीट चिकटवलं.

जानेवारीत उत्तर आलं, पण विमरचं नव्हतं, एर्नाचं. ते मी इथे जसंच्या तसं देते.

'महाशय, माझ्या नवऱ्यानं तुमचं पत्र पाठ करून मला स्वतःचं म्हणून सांगितलं. गटाराच्या जाळीपाशीच मला कळलं. या माणसानं चाळीस वर्षांत माझ्या नव्या चपला बघितलेल्या नाहीत, तो जाळ्या काय बघणार? मी काही बोलले नाही. दर रविवारी जेवणानंतर मी त्याला पुन्हा स्टॉकहोम सांगायला लावते. आधी अडखळायचा. आता चांगला सांगतो, मध्येच हात करून दाखवतो, आणि परवा आमच्या अंगणात उभा राहून शेजारणीच्या बुटाकडे बघत होता. मासे धरायला जाणं त्यानं सोडलेलं नाही, पण परत आल्यावर तळ्यावर काय बघितलं ते सांगतो. एकच विचारायचं होतं. बोटीत तुम्ही आत बसला होतात की बाहेर? तो दर वेळी बदलून सांगतो आणि मला पुढचं चित्र नीट दिसत नाही.'

बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. आल्गोटनं कप खाली ठेवला.

"बसलोच नाही," तो म्हणाला. "कठड्याला धरून उभा होतो. लिही."